मायनर उर्दू आणि विहिरीचा कागद

माझा मायनर विषय मी एस.टी.चं वेळापत्रक बघून निवडला. यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. कन्नडकडून संभाजीनगरला अप-डाऊन करणाऱ्या आम्ही सगळ्यांनीच तसं केलं होतं. मेजर आपल्या डोक्यानं घ्यायचा आणि मायनर गाडीच्या टायमानं. माझा मेजर केमिस्ट्री. नव्या धोरणामुळं आमच्या कॉलेजात त्याच्या जोडीला आणखी एक विषय घ्यावा लागतो, तो मायनर. मला कॉम्प्युटर हवा होता, पण त्याचे तास तीन ते पाच. म्हणजे पावणेदोनची गाडी गेली, आणि नंतरच्या गाडीनं फाट्यावर उतरून अंधारात दोन किलोमीटर चालायचं. घरून तेवढी मुभा नव्हती. साडेअकरा ते साडेबारा या वेळेत एकच विषय बसत होता, उर्दू. पोर्टलवर टिचकी मारली आणि मोकळी झाले.

दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तेव्हा ते उसाला पाणी देत होते.

"उर्दू? शायरीचं दुकान टाकणार हायस का?" म्हणाले आणि पोट धरून हसले. मीही हसले. मला तरी कुठं त्याचं पुढं काही करायचं होतं?

वर्गात आम्ही अकराजण. सर निवृत्तीला आलेले, शहरातलेच. मराठी अस्खलित बोलायचे, पण शिकवायला लागले की दखनीवर यायचे. पहिल्याच दिवशी मी फळ्यावरचं वहीत डावीकडून उतरवायला घेतलं. सर शेजारी येऊन उभे राहिले. "बेटा, गाडी उल्टी चला रै तुम. उधर से आओ." वर्ग खदाखदा हसला. मला कुणी हसलेलं सहन होत नाही. पंधरा दिवसांत मुळाक्षरं पाठ केली, दिवाळीपर्यंत सिटी चौकातल्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागले, आणि सेमिस्टरला वर्गात पहिली आले. मजा म्हणजे निम्मे शब्द घरातलेच निघाले. जमीन, हिस्सा, वारस, कब्जा, तक्रार. आमच्या भावकीची भांडणं ज्या शब्दांत चालतात ते सगळे शब्द मी नव्यानं लिहायला शिकत होते.

आमच्या देवघरात एक कागद असतो. निजामाच्या राजवटीतला, घडीवर फाटत आलेला, हातानं उर्दूत लिहिलेला. तो विहिरीचा कागद. विहीर पूर्ण आमची, थोरल्या घराचा तिच्यावर काडीचा हक्क नाही, असं त्यात लिहिलंय हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. थोरलं घर म्हणजे माझ्या पणजोबांच्या मोठ्या भावाचा वंश, बांधापलीकडं राहतो. त्यांनी विहिरीचं नाव काढलं की आमच्याकडून एकच उत्तर जायचं, "कागद हाय आमच्याकडं." दसऱ्याला खुरपी, विळे यांच्याबरोबर त्या कागदालाही हळदकुंकू लागायचं. वाचला मात्र कुणीच नव्हता. घरात उर्दू येणारं कुणी नव्हतं, आणि बाहेरच्याला दाखवला तर तो काहीतरी घोळ घालील, ही भीती. तीन पिढ्यांनी नुसती पूजा केली.

मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा दादांनी तो कागद कन्नडला नेऊन लॅमिनेट करायचं काढलं. मी आडवी आले. त्या शाईत लोह असतं, ती आधीच कागद खात असते, वरून गरम प्लास्टिक दाबलं तर उरलासुरलाही जाईल. एवढी केमिस्ट्री मला येत होती. मी मोबाईलवर फोटो काढले आणि म्हटलं, वाचून तरी बघते. दादांची छाती फुगली.

"वाच की! चांगली मोठ्यानं वाच. बांधापलीकडं ऐकू जाऊ दे."

हाताचं अक्षर पुस्तकातल्यासारखं नसतं. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गायब, शब्द एकमेकांच्या गळ्यात पडलेले. तास सुटल्यापासून गाडीपर्यंतचा वेळ, असे तीन शनिवार सरांनी मला समोर बसवून घेतलं. एक शब्द सारखा येत होता, 'निस्फ'. मला तो माहीत नव्हता. सरांनी चष्मा काढून पुसला.

"निस्फ याने आधा, बेटा."

मग सगळं उलगडलं. बावडी दोघा भावांनी मिळून खोदली. हिस्सा निम्मा-निम्मा. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची. खाली दोघांचे अंगठे. सरांनी फोन माझ्या हातात दिला. "मैं पढ़ सकता हूं. घर में बोलना तुमको पड़ेगा."

कन्नडपर्यंत खिडकीबाहेरचं मला काही दिसलं नाही. आमचा ऊस त्याच पाण्यावर. माझा पास, माझी फी, उर्दूचं पुस्तकसुद्धा त्याच उसातून आलेलं. बांधापलीकडं मात्र कापूस, तोही पावसाच्या भरवशावर. मला लाज वाटली. आणि निम्मं पाणी गेलं तर आपलं काय, अशी भीतीही वाटली, तीही खरीच होती.

संध्याकाळी दादांना सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल खुंटीला टांगला. मग म्हणाले, "तुझा मेन इषय कंचा?"

"केमिस्ट्री."

"मग झालं की. हे मायनरच हाय ना? त्यातलं काय धरून बसायचं."

"मायनर असलं म्हणून अक्षर बदलतं व्हय?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "सर बी वाचलेत त्यो कागद."

"ठिव तिथं," एवढंच बोलून ते गोठ्याकडं गेले.

आठ दिवसांनी दसरा आला. कागदाची पूजा झाली, कुंकू दादांनीच लावलं. माझ्याकडं बघितलं नाही. दुपारी थोरल्या घरचे काका सोनं द्यायला आले. दादांपेक्षा वयानं मोठे, भांडण असलं तरी दसरा न चुकवणारे. दरवर्षी ते खाली उभं राहून आपट्याची पानं पुढं करायचे आणि दादा ओट्यावरूनच एका हातानं घ्यायचे. लहानानं वाकायचं असतं, पण आमच्या दारात ती रीत मोडलेली होती.

काकांनी माझ्याकडं बघून थट्टेनं विचारलं, "पोरी, उर्दू शिकतीस म्हणं. वाचला का मग तुमचा कागद?"

दादा माझ्याकडं बघत होते. "नाही, अजून लागत नाही," एवढं म्हटलं असतं तर विहीर आणखी एक पिढी आमचीच राहिली असती. पण मला येत होतं, आणि येतं ते येत नाही म्हणायचं माझ्या रक्तातच नाही. मी आत गेले, कागद आणला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या अंगठ्यापर्यंत मोठ्यानं वाचला. प्रत्येक ओळीचं मराठी करून सांगितलं.

मला वाटलं होतं, काका आता पाण्याचं बोलतील, चार माणसं गोळा करतील. ते पायरीवर टेकले.

"आमच्या आज्याचं नाव आलं, तेवढंच परत वाच."

मी वाचलं.

"मरेस्तोवर सांगत व्हता म्हातारा, निम्मी आपली हाय म्हणून," काका म्हणाले. "तुमच्या कागदापायी आमच्याच बापानं त्याला खोटारडा ठरवलं. मीबी हसायचो त्याला." टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. मुठीतली पानं चुरगळली होती.

दादा ओट्यावरून उतरले. दोन्ही हात पुढं करून त्यांनी ती चुरगळलेली पानं घेतली, आणि माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच बघितलं, दादा काकांच्या पायाशी वाकले.