डिसीज्ड की डिसीस्ड

उस्मानपुऱ्यातून जाताना आजही माझी नजर अर्ज टाइप करून देणाऱ्या त्या चाचांना शोधते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही आणि दुकान तर केव्हाच बंद झालंय.

तेव्हा वडील दवाखान्यात होते. चितेगावच्या माझ्या कंपनीत रजेचा इंग्रजी अर्ज द्यायचा होता, म्हणून मी हातानं लिहिलेला कागद घेऊन चाचांकडे गेलो. कीबोर्डवर फुंकर मारून ते ओठ हलवत वाचू लागले आणि एका शब्दापाशी थांबले.

"वालिद हयात आहेत ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहेत की. आजारी आहेत, तसंच लिहिलंय."

"आजारी म्हंजे डिसीज्ड. तुमी डिसीस्ड लिवलंय. त्याचा मतलब मयत."

चाचांनी तो कागद बारीक बारीक फाडला.

"बीमारी बी कशाला लिवायची?" ते म्हणाले. "वडिलांजवळ थांबायचंय, असं लिवू. लई झालं तेवढं."

अर्ज घेऊन मी तडक दवाखान्यात गेलो. वडील उशीला टेकून बसले होते.

"झाला का अर्ज?" त्यांनी विचारलं.

"झाला," म्हणालो आणि बराच वेळ त्यांचा हात धरून बसलो.