चार्जर आणि माडीवरचे यंत्र

आमच्या घरात एक यंत्र अखंड चालते. पत्नीच्या फुप्फुसांना हवा पुरत नाही; हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीने तिच्या नाकापर्यंत पोहोचवणारे हे यंत्र माडीवर, तिच्या पलंगाशी आहे. त्याची घरघर ऐकू येते तोवर मी खाली बसू शकतो. म्हणून मुलाने विजेवरची गाडी घेऊन चार्जर घरीच बसवायचे ठरवले, तेव्हा माझा पहिला प्रश्न गाडीविषयी नव्हता.

"मेन स्विच पडला तर?"

"अप्पा, लोड वाढवून घेतलाय. वर इन्व्हर्टर आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. पडणारच नाही."



चामराजपेटेतले आमचे घर जुने, त्यातली वायर त्याहून जुनी वाटावी अशी. इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने मेन बंद केला. पत्नीला सिलिंडरवर घेतले. मी कधी तिच्याजवळ, कधी खाली मीटरपाशी.

"सार, तुम्ही स्वल्प बसा," इलेक्ट्रिशियन त्याच्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाला. "तुम्ही मागे उभे राहिलात की माझा हात हलतो."

वर आलो. सिलिंडरचा काटा पाहत राहिलो.

"अहो, किती बघाल त्याच्याकडे?" पत्नी म्हणाली. "लाजेल तो."

काम संपले, वीज आली, यंत्र पुन्हा घरघरू लागले. मुलाने गाडी चार्जिंगला लावली. चार्जरवर हिरवा दिवा लागला. मी खाली जाऊन सांगितले, आता गीझर लावा. पाण्याची मोटर लावा. मिक्सरही.

"एकदम सगळं कोण लावतं, अप्पा?"

"दिवाळीच्या सकाळी आपणच लावतो."

त्याने हसत लावले. काही वेळ सारे सुरळीत चालले. इलेक्ट्रिशियन हत्यारे पिशवीत भरू लागला आणि मेन पडला. इन्व्हर्टरवर पंखे, फ्रिज, यंत्र असा सगळाच भार एकदम आला. त्यानेही मान टाकली.

माडीवरची घरघर थांबली होती.

मी जिन्याकडे वळलो. माझे गुडघे घाई जाणत नाहीत. मुलगा मला ओलांडून वर धावला. मी पोहोचलो तेव्हा त्याने नळी सिलिंडरला जोडली होती. पत्नीचे डोळे मिटलेले, मुठीत चादर. हळूहळू मूठ सैल झाली. मुलगा सिलिंडरच्या काट्याकडे पाहत उभा राहिला. 

"चार्जरला वेगळा मीटर घेतो," तोच म्हणाला. "तोवर गाडी इंदिरानगरला ऑफिसपाशी चार्ज करीन."

"सरी, तसंच कर," मी म्हणालो.

वेगळा मीटर यायला बरेच आठवडे लागले. आता चार्जरची लाइन स्वतंत्र आहे. घरातल्या विजेशी तिचा संबंध नाही. इलेक्ट्रिशियनने मला ते दाखवले, समजावले, आणि मला ते पटले आहे.

तरीही संध्याकाळी मुलाने गाडी लावली की मी माडीवर जातो. पत्नी जागी असली तर पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "गाडी लागली वाटतं."

मी हो म्हणतो आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसतो.