अप्पांनी दाबून बघितलेलं टायर

मित्रांनो, मागच्या आठवड्यात नव्या सायकलचा फोटो टाकला होता, तुम्ही लाइकही भरपूर केलात. आज त्याच सायकलकडं बघायला लाज वाटायलीय.

हैदराबादच्या दुकानात मी तिच्या एकोणतीस इंची चाकांसाठी हलकी, पातळ टायरं निवडली. सोबत वडील, म्हणजे अप्पा, होते. अप्पांनी टायर अंगठ्यानं दाबून बघितलं आन म्हणले, "बाभळीचा काटा सरळ आत जाईल ह्येच्यात. जाड घे."

मी दुकानदाराकडं बघून हसलो. "गाँव के हैं, इनको क्या मालूम."

आज सकाळी हळ्ळीखेडच्या पाणंदीत काटे घुसून दोन्ही चाकांतली हवा गेली. सायकल ढकलत घरी आलो. अप्पा दारातच होते.

"आता काय करावं, अप्पा?"

"हमको क्या मालूम," ते शांतपणे म्हणले.

मग आत जाऊन रबराच्या दोन लांब पट्ट्या घेऊन आले. टायरच्या आतून बसवायला त्यांच्या जुन्या सायकलची ट्यूब कापून केलेल्या.

"कधी कापल्या?"

"हैदराबादहून आलो त्याच दिवशी. तू इचारलास कुठं?"

पंक्चरही त्यांनीच काढले. मी नुसता पंप धरून उभा होतो. माफी अजून मागितली न्हाई.

तुम्ही वडलांची माफी कशी मागता?