राखीव गोलकीपरच्या आईचं गाऱ्हाणं

आमच्या आळीतली मुलगी देशाच्या फुटबॉल टीममध्ये आहे असं सांगितलं की लोक आधी विचारतात, खेळली का? मी म्हणते, नाही. ती गोलकीपर आहे, पण दुसरी. पहिली उभी असते तोवर दुसरी बाकावर बसते. बाकीच्या मुली दमल्या की त्यांना बदलतात. गोलकीपरला सहसा लागलं तरच बदलतात. हे सगळं त्या मुलीनं फोनवर आईला समजावलं होतं, म्हणजे आईनं उगाच आशा धरू नये. आईनं आम्हाला समजावलं. आशा मात्र सगळ्यांनी धरली.

तिची आई माझी शेजारीण. माझ्याहून पुष्कळ लहान, मला काकी म्हणते. गाव आमचं पेणच्या बाजूला. भातानंतर वाल, आणि वाल निघाले की पोह्याचे पापड. उन्हाळा लागला की आम्ही चौघी तिच्या पडवीत पापड लाटायला बसतो. ती, मी, माझी धाकटी जाऊ आणि माझी सून. पेणचा दुकानदार माल उचलतो.

मुलगी लहानपणी सगळ्यांसारखी कबड्डीच खेळायची. रोह्याच्या शाळेत गेल्यावर तिथल्या खेळाच्या बाईंनी तिला फुटबॉलच्या खांबांमध्ये उभं केलं, कारण दुसरी कुणी उभी राहायला तयार नव्हती. जोरात आलेला बॉल अंगावर कोण घेणार? हिनं घेतला. बाप रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत शिफ्टला, त्यामुळे आईनं रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात, भाड्याची खोली केली आणि शाळा संपेपर्यंत मुलीला घेऊन तिथेच राहिली. पहाटे पूल ओलांडून मुलीला मैदानावर सोडायची, परत येऊन नवऱ्याचा डबा करायची, पुन्हा मुलीला आणायला जायची. आळीत लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला ती इथे होतीच कुठे?

तर यंदा आशियातल्या बायकांच्या मोठ्या स्पर्धेत आपली टीम गेली. तिकडे आपल्याआधी दिवस उगवतो, त्यामुळे मॅच आपल्या भर दुपारी. सुनेनं मोबाइलवरून टीव्हीला काहीतरी जोडलं आणि पडवीतून दिसेल असा टीव्ही दारात आणून ठेवला. मी चौथीपर्यंत शिकले, पडद्यावरची अक्षरं इंग्रजी, त्यामुळे कोण कुठली ते मी कपड्यांच्या रंगावरून धरलं.

फुटबॉल मी त्याआधी कधी धड पाहिला नव्हता. मला आवडला. एवढ्या मोठ्या मैदानात त्या मुली जेवढ्या धावल्या तेवढं मी लावणीच्या दिवसांतही कुणाला धावताना पाहिलं नाही. आपटल्या की उठायच्या. कोपर लागलं, तोंड पुसलं, पुन्हा धावल्या. रडून दाखवणं नाही, बघा मला किती लागलं असं करणं नाही. एकीच्या भुवईतून रक्त आलं, तिनं पट्टी लावून घेतली आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच डोक्यानं बॉल मारला. मी लाटणं खाली ठेवलं होतं.

माझी जाऊ माहेरी असताना कबड्डी खेळायची. तिला सगळं कबड्डीतच कळतं.

"मागनं धरली की हो, ही आऊट ना?"

"आऊट नसतं काकी, फाउल असतं," सून म्हणाली.

"मग धरून फायदा काय? आणि ती खांबातली हातानं बॉल धरते ते चालतं?"

"तिलाच चालतं."

"म्हणजे एकटी तीच खरी खेळते. बाकीच्या नुसत्या लाथा मारतात."

हे ऐकून शेजारीण हसली. त्या दुपारी ती तेवढीच हसली. पहिली मॅच आपण हरलो, आणि एक गोल पहिल्या गोलकीपरच्या पायांमधून गेला. तेवढं निमित्त पुरलं. संध्याकाळपर्यंत गावात सगळे म्हणायला लागले की तिला काढा आणि आपलीला घाला.

दोन दिवसांनी मी डोळे तपासायला रोह्याला गेले. एसटी स्टँडवर बाकावर बसलेले दोन बाप्ये तेच बोलत होते.

"ती पायातनं सोडते म्हणजे काय? दुसरी असती तर अडवला असता."

"दुसरी रोह्याला शिकलीये. आपली हाय म्हणून नाय बोलत मी."

मी विचारलं, "तुम्ही तिला खेळताना बघितलंय?"

"नाय."

"मग कशावरून बोलताय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आजी, आपली हाय ना," तो म्हणाला.

मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या मॅचच्या आदल्या दिवशी शेजारीण म्हणाली, देवळात गाऱ्हाणं घालायचंय, काकी चला. जाऊही आली. आमच्या गावदेवाला मनातल्या मनात सांगून चालत नाही. नारळ ठेवायचा, गुरव हात जोडून मोठ्यानं देवाला सांगतो आणि जमलेल्यांनी व्हय महाराजा म्हणायचं. म्हणून काय हवं ते आधी गुरवाला सरळ शब्दांत सांगावं लागतं.

"काय घालू?" गुरवानं विचारलं.

ती नारळाची शेंडी सारखी करत राहिली. जाऊ म्हणाली, "घाला, पोरीला उद्या खेळायला उतरू दे."

गुरव मोबाइलवर मॅच बघणारा. तो म्हणाला, "ती उतरायची तर पहिलीला कायतरी व्हायला लागेल. ते पण घालू?"

मी म्हटलं, "पाय मुरगळू दे म्हणावं. मोडायला कोण सांगतंय? मुरगळलेला आठवड्यात बरा होतो."

"काकी," शेजारीण म्हणाली, "तिची पण आई असंलच ना. ती पण आज कुठंतरी नारळ घेऊन उभी असंल."

"असू दे. ती तिच्या देवाला सांगेल, तू तुझ्या देवाला सांग."

"लवकर काय ते ठरवा," गुरव म्हणाला. "मला दुकान उघडायचंय."

तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "दोघींचे हातपाय धड राहू दे. एवढंच घाला. तसं झालं तर नारळांचं तोरण बांधीन."

"अगो, मग ती खेळायची नाय," जाऊ म्हणाली.

"ठाऊक हाय मला."

गुरवानं तसं घातलं. आम्ही व्हय महाराजा म्हटलं. जावेनं तर ओठ नुसते हलवले.

दुसऱ्या दिवशी अंगणात पापड वाळत घातले होते. शेजारीण काठी घेऊन पडवीच्या पायरीवर बसली, एक डोळा कावळ्यांवर आणि एक टीव्हीवर. ही मॅच जिंकली तर टीम पुढे जाणार होती, नाहीतर घरी येणार होती. म्हणजे मुलीला मैदानात उतरायची हीच शेवटची वेळ असू शकेल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आणि ज्या पहिलीला अख्खं गाव शिव्या घालत होतं ती त्या दिवशी अशी खेळली की बघत राहावं. उजवीकडे मारलेला बॉल तिनं आडवी उडी घेऊन नुसत्या बोटांनी बाहेर घालवला. एकदा समोरच्या टीमची एक मुलगी एकटीच धावत आली, तर ही खांब सोडून पुढे गेली आणि तिच्या पायांवर जाऊन पडली, बॉल पोटाशी. जाऊ म्हणाली, "अशी पकड मी जन्मात बघितली नाय." शिव्या कुठल्या कुठे गेल्या.

मॅच संपायला थोडा वेळ उरला असताना दोन्ही टीमचा एकेक गोल होता. वरून बॉल आला. तो धरायला पहिलीनं उडी मारली, समोरच्या उंच मुलीनंही मारली, आणि दोघी एकमेकींवर आदळल्या. उंच मुलगी उठली. पहिली उठली नाही. गुडघा धरून कुशीवर पडून राहिली. डॉक्टर धावत आला.

जावेनं माझ्या हाताला चिमटा काढला. देवानं आमचंच ऐकलं, असं तिला म्हणायचं होतं.

मग टीव्हीवर बाक दाखवला, आणि आमची मुलगी उभी राहिली. अंगावरचं वरचं बिनबाह्यांचं बनियन काढलं, हातमोज्याचा पट्टा दातांनी ओढून घट्ट केला, आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती धड दिसली. सून म्हणाली, "उतरतेय, उतरतेय."

शेजारीण काठी टाकून आत आली. टीव्हीपासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "उठ गो."

मग पुन्हा, शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तशी, "उठ गो बाय. उठ."

"गप ना गो," जाऊ म्हणाली. "तुझी पोरगी उभी हाय तिथं. बघ तरी."

तिनं बघितलं. मी तिच्याच तोंडाकडे बघत होते म्हणून सांगते. तिनं मुलीला केसांपासून बुटापर्यंत नीट बघितलं आणि तोंडानं उठच म्हणत राहिली.

पहिली उठली. डॉक्टरचा हात बाजूला केला, चूळ भरली, लंगडत खांबांमध्ये गेली आणि आमच्या मुलीकडे बघून मान हलवली. आमच्या मुलीनं हातमोजे घातलेले हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या आणि ती बाकावर जाऊन बसली. मॅच बरोबरीत सुटली. बरोबरी पुरत नव्हती. स्पर्धा तिथेच संपली.

अंगणात तोवर कुणाची तरी शेळी शिरून एका रांगेतले पापड खाऊन गेली होती.

त्या संध्याकाळी लाटताना जावेनं शेजारणीला सोडलं नाही. "तुझ्या तोंडातनं उठ आलंच कसं गो?"

"पडलेली दिसली, आलं."

"एवढी वर्षं अष्टमीत भाडं भरलंस ते हिला उठवायला?"

"लाट, पातळ लाट," शेजारीण म्हणाली. "शेळी पण खायची नाय असला जाड पापड."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. आम्हाला ऐकू यावं म्हणून शेजारणीनं आवाज मोठा केला.

"आई, दिसले का मी?"

"दिसलीस. केस कापलेस ते बोलली नायस."

"दिवाळीतच कापले. ती पहिली कशी खेळली बघितलंस?"

"बघितलं. गुडघा कसा हाय तिचा?"

"सुजलाय. मीच बर्फ लावून आले आता."

"बरं केलंस. जेवलीस?"

फोन ठेवल्यावर शेजारीण मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. ती भांडी सुनेनं दुपारीच घासून पालथी घातली होती. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत आम्ही लाट्या पाडत राहिलो.

पुढच्या सोमवारी तिनं नारळ आणून तोरण बांधायला काढलं. गुरव म्हणाला, "पोरगी तर खेळली नाय. तोरण कशाचं?"

"खेळायचं मागितलंच कुठं होतं?"

"पण पहिलीचा गुडघा सुजला ना? मग गाऱ्हाणं पुरं लागलं असं कसं म्हणायचं?"

"सुजला, मोडला नाय. चालते ती. म्हणजे धड हाय."

गुरवानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बांधा. तिचा आणि देवाचा हिशोब हाय, तुम्ही मध्ये कशाला?" त्यानं शिडी आणली.

मी तिच्या जागी असते तर पाय मुरगळू दे असंच मागितलं असतं. उद्याही मागेन. आपलं मूल बाकावर बसलेलं असताना दुसऱ्याच्या मुलाला उठ म्हणणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि मी भरपूर माणसं पाहिली आहेत. तिला चांगली म्हणावं की वेडी, यावर माझं आणि जावेचं अजून एकमत नाही. पण हल्ली जाऊ तिच्या पडवीत बसली की चांगला पाट तिच्याकडे सरकवते. आधी तो स्वतः घ्यायची.

वैशाखात मुलगी चार दिवस घरी आली. आमच्यात पापड लाटायला बसली, तिचे पापड वाकडे. तिच्या बोटांची दोन पेरं कधीतरी मोडून तशीच जुळलेली आहेत, ती मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिली. जावेनं विचारलंच. "ती पहिली पडली तेव्हा तुला काय वाटलं गो? खरं सांग."

मुलीनं एकदा आईकडे पाहिलं. आई दोरा ताणून लाट्या कापत होती.

"पट्टा घट्ट केला तेव्हा वाटलं, आता उतरू दे मला."

जाऊ जिंकल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली. आई म्हणाली, "वाटणारच," आणि दोरा फिरवला.

"आणि ती उठली तेव्हा?" मी विचारलं.

"टाळ्या वाजवल्या ना, आजी. दिसल्या नायत का?"

"दिसल्या," तिची आई म्हणाली आणि कापलेली लाटी तेलात बुडवून तिच्या हातावर ठेवली.