‘त्रास’ म्हणजे काय

नवऱ्याविरुद्धच्या तक्रारीत मी लिहिलं होतं, ‘मला घरी खूप त्रास दिला जातो.’ ठाण्याच्या वकीलबाईंनी ते वाचून कागद परत माझ्यापुढे सरकवला.

“त्रास डासांचाही होतो. त्याने काय केलं ते लिही.”

शेजारी बाबा बसलेले. मी लिहायला लागले. ‘त्याने केस धरून माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. तापलेली सांडशी दंडाला लावली. मी खाली पडल्यावर पोटात लाथा घातल्या.’ पुढे नुसतं ‘मारलं’ असं लिहिलेलं, ते खोडून ‘गळा आवळला’ केलं. दंडावरचा चटका अजून चिघळत होता.

बाबांनी कागद वाचायला घेतला आणि अर्ध्यावरच चष्मा काढला.

“फोनवर तर त्रास होतो एवढंच म्हणायचीस गं.”

“आणि तुम्ही ‘जमवून घे’ म्हणायचात.”

त्याच दुपारी बाबा एकटे मोहन्याला, माझ्या सासरी गेले, शिव्या खात नवऱ्याच्या दारात उभे राहिले आणि माझे कपडे, सर्टिफिकेटं घेऊन वर्तकनगरला आपल्या घरी परतले. मी त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही.