कुसुमची चेष्टा

हे मी सख्ख्या भावालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तर मध्ये थांबवू नका — थांबलो तर पुन्हा तोंड उघडायचा नाही मी.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही कलकत्त्यात, बागबाजारात राहायचो, नोकरी गार्डन रीचला, जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत. कंपनीने मला आठ दिवस लंडनला पाठवायचं ठरवलं. बायकोलाही नेता येईल, फक्त मोठ्या साहेबांची परवानगी हवी, असं आमचे हेडक्लार्क मुखर्जीबाबू म्हणाले. झालं! कुसुमच्या अंगात वारंच शिरलं. कुठून तरी लंडनचा नकाशा पैदा केला, पोळपाटाखाली दाबून सरळ केला आणि आठ दिवस आखून टाकले. पहिल्या दिवशी फक्त नदी. ती आपल्या हुगळीपेक्षा मोठी आहे का, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मेतकूट किती न्यायचं, नऊवारीवर स्वेटर कसा दिसेल — दिवसभर तेच.

आणि मी? मला लाज वाटत होती. तिची. साहेबाकडच्या पार्टीत तिने चहा बशीत ओतून प्यायला होता, अगदी मजेत, भुरके मारून. लंडनमध्ये हेच झालं तर? — असले विचार करत होतो मी, गाढव. पण 'येऊ नकोस' म्हणायची हिंमत तरी कुठे होती?

एका रविवारी भाजी घेऊन घरी आलो, तर ही नकाशासमोर रडवेली बसलेली. मुखर्जीबाबू येऊन गेले होते. दारातूनच हसत म्हणाले होते, "बौदी, आपनार जोन्नो खूब चेष्टा कोरछि." कलकत्त्यात येऊन तिला जेमतेम चार महिने झालेले. बौदी म्हणजे वहिनी, एवढं कळत होतं. पुढचं तिने आपल्या मराठीतच ऐकलं.

"अहो, ऑफिसात माझी चेष्टा करतात का?"

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तो भला माणूस तिच्यासाठी खटपट करत होता. मला ठाऊक होतं — चांगलं ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं हो! आणि मी काय म्हणालो?

"करतात थोडी. तू मनावर घेऊ नकोस."

"मग नकोच मला," म्हणाली, आणि नकाशाची घडी घातली. पुढच्या आठवड्यात परवानगी आली. मी मुखर्जीबाबूंना सांगितलं, बायकोची तब्येत बरी नसते. मी लंडनहून परत आल्यावर तिने एवढंच विचारलं — नदी मोठी आहे का हो? लहान आहे, म्हणालो.

पुढे कुसुम बंगाली शिकली, माझ्यापेक्षा छान बोलायला लागली. चार-पाच वर्षांनी, एका दुपारी, शेजारची मुलगी गणित सुटत नाही म्हणून आमच्याकडे मुसमुसत बसली होती. कुसुम तिला लाडाने म्हणाली, "चेष्टा कोरो, मा." मी तिथेच पेपर वाचत होतो. मान वर झाली — आणि नजरानजर झाली. मग ती त्या मुलीकडे वळून बंगालीतच सांगू लागली, आमच्या मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा होतो, बरं का.

काय होतो, मुलीने विचारलं.

ते काकाबाबूंना विचार, कुसुम म्हणाली.

मी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.