टाकीच्या तोंडाशी

माझा नवरा दत्ताराम जहाजावर बोसन होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. आता चारकोपच्या खोलीत खिडकीशी बसून असतो. लोक म्हणतात, भाऊ मेला आणि हा बघत राहिला. लोकांच्या जिभेला काय, हाड नाही.

भाऊ म्हणजे सुयोग, याच्या मावशीचा एकुलता एक. दत्तारामनेच त्याला जहाजावर लावलं. पोराला डोळ्यांसमोर ठेवीन, असा मावशीला शब्द दिला होता.

जहाजाच्या बंद टाकीत गंज हवा खाऊन टाकतो. माणूस उतरला की कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही तिथेच पडतो. अशी कितीतरी माणसं मेली, तेव्हा कुठे लंडनला देशोदेशीची माणसं बसली आणि नियम झाला. हवा तपासल्याशिवाय उतरायचं नाही. तोंडाशी एकाने उभं राहायचं, आणि आतला पडला तरी श्वासाचा बाटला पाठीला लावल्याशिवाय आत जायचं नाही. नियम चांगलाच आहे हो! पण पाळून घ्यायचा कुणी? जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाने. तो देश या खलाशांनी कधी बघितला नाही, आणि त्याने यांना. बंदरात इन्स्पेक्टर चढला की कप्तान त्याला सरावाचे फोटो दाखवायचा. फोटोत गोणपाटाचा माणूस वर काढतायत. सराव फोटोपुरताच, मेल्यांचा!

त्या दिवशी हवा मोजायचं मशीन बिघडलेलं. कप्तानाला घाई. सुयोग उतरला आणि पडला. तोंडाशी दत्ताराम होता. बाटला आणा म्हणून तो घसा फाटेस्तोवर ओरडला. बाटला जहाजाच्या दुसऱ्या टोकाला, कुलपात. तो येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून मावशी याच्याशी बोलली नाही. याचं जेवण तुटलं. म्हातारी एकदा बोलली तर माणसात येईल, एवढीच माझी आशा. श्राद्धाला काही आमंत्रण लागत नाही, म्हणून वर्षश्राद्धाला मीच याला ओढत जोगेश्वरीला नेलं. बोलली नाही तर भांडायचंच, असं ठरवून गेले होते.

पानं उठल्यावर मावशी याच्यासमोर येऊन बसली.

"माका सगळा कळता, दत्ता," ती म्हणाली. "तू उतारलो असतस, तर तू पण गेलो असतस. पण माजो झील थंय एकटोच मेलो रे."

दत्ताराम खाली मान घालून म्हणाला, "होय गो मावशे."